पदवीवर पाऊल

१

जयवंत चोपदार हल्ली वाक्य अर्धवट सोडत नाही. चहा हवा असला तर नुसतं ‘चहा...’ म्हणून थांबत नाही, ‘शुभा, मला अर्धा कप चहा दे’ असं ठणठणीत पूर्ण मागतो. किल्ली सापडत नसली तरी ‘माझी किल्ली सापडत नाही’ इथपर्यंत पोचल्याशिवाय गप्प बसत नाही. बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात असं बोलणारा माणूस फार विचित्र वाटतो.

“घरात बोलतोयस की बातम्या देतोयस रे?” शुभा म्हणाली. तो हसला. बायकोला सांगण्यासारखं कारण त्याच्याजवळ नव्हतं, आणि जे होतं ते सांगायची हिंमत नव्हती.

सुरुवात जानेवारीत गोरेगावच्या स्टुडिओत झाली. जयवंतचा आवाज भरदार, पोटातून येणारा. मालिकांतले राजे, सेनापती, कधी टूथपेस्टच्या जाहिरातीतला डॉक्टर, सगळ्यांना तो आवाज देई. त्या दिवशी एका राजाचं डबिंग चालू होतं. काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून ध्वनिमुद्रण करणारा सिद्धेश बसला होता, नेहमीसारखा वेफर्स खात.

“प्रधानजी, आम्हाला वाटलं होतं, निदान तुम्ही तरी...” जयवंतनं ओळ म्हटली. ती तिथेच तुटायची होती.

“जयदा, खुर्ची वाजतेय,” सिद्धेश म्हणाला. “परत घेऊ.”

जयवंत उभा राहिला, परत म्हणाला. या वेळी सिद्धेशला बूट वाजतायत असं वाटलं. जयवंतनं बूट काढले, मोजे काढले, गार फरशीवर अनवाणी उभा राहून तिसऱ्यांदा म्हणाला.  सिद्धेशनं ध्वनिमुद्रण मागे नेलं आणि मोठ्यानं ऐकवलं.

जयवंतचा आवाज आला. ‘निदान तुम्ही तरी’ आलं. मग क्षणभर शांतता, आणि मग कर्र. जुनं कोरडं चामडं, त्यावर कुणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतोय, असा आवाज.

“बाकीच्या ओळींना नाही येत,” सिद्धेश म्हणाला. “मी सकाळपासूनचं सगळं तपासलं. तू मध्येच थांबलास ना, की येतो. काय भानगड आहे यार?”

जयवंतला भानगड काय ते कळलं होतं. तो आवाज तो वयाच्या आठव्या वर्षापासून दर दसऱ्याला ऐकत आला होता.

२

आडवण संस्थान आज नकाशावर शोधायला जाल तर सापडायचं नाही. कोकणातल्या सात खाड्या, एक बंदर आणि बेचाळीस गावं, एवढाच त्याचा पसारा. पण तिथल्या राजांना पदवी होती. दर्याबहाद्दर. बापाकडून मुलाकडे, नऊ पिढ्या. आणि त्या राजांच्या पुढे चालून ती पदवी पुकारायचा मान चोपदारांच्या घराकडे, त्याही नऊ पिढ्या. राजा आणि चोपदार, दोघंही वारसाहक्कानं आलेले. एकाला तनखा, दुसऱ्याला घसा.

संस्थानं गेली, तनखे गेले, कागदावरच्या पदव्याही गेल्या. शेवटचे राजे रघुनाथराजे मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायला आले आणि एका कंपनीच्या गोदामात नोकरी करून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. वर्षभर अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घालून स्वतःची भाजी स्वतः आणत. भाजीवाला त्यांना काका म्हणे आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

फक्त दसऱ्याला, दुपारी चार वाजता, ते काका नसत. आतल्या खोलीत अंगरखा, पागोटं आणि पायात जरीचे चामडी चढाव घालून ते हिरव्या पडद्यामागे उंबऱ्याशी उभे राहत. बाहेरच्या खोलीत लाल मखमलीची एक खुर्ची, आणि दाराशी जयवंतचे वडील, मधुकर चोपदार, बँकेची सुट्टी साधून आलेले. ते पुकारत:

“आस्ते कदम! नजर खाली! सात खाड्यांचे धनी, बेचाळीस गावांचे पोशिंदे, आडवण संस्थानाधिपती, श्रीमंत रघुनाथराजे...” इथे एक मोठा श्वास. त्या श्वासात पडद्यामागे कर्र व्हायचं. राजांनी भार पुढच्या पायावर घेतलेला असायचा. मग “दर्याबहाद्दर!” आणि त्या शब्दावर चढाव उंबऱ्याच्या बाहेर पडायचा.

“पाऊल पदवीवर पडतं,” वडील सांगत. “आधी पडलं तर तो नुसता घरातला म्हातारा. म्हणून आपण थांबलो तर ते थांबतात. त्यांचा राजेपणा तेवढा वेळ आपल्या जिभेवर असतो, जयवंता.”

राजे बसले की चोपदारानं मान खाली घालून उभं राहायचं. खुर्चीकडे बघायचं नाही, हलायचं नाही, बोलायचं ते राजांनी विचारलं तरच. राजे ‘असो’ म्हणाले की सुटका. एका वर्षी रघुनाथराजांना खुर्चीत डुलकी लागली आणि वडील अडीच तास तसेच उभे राहिले. जाग आल्यावर राजांनी कपाळावर हात मारून घेतला, तीनदा ‘असो’ म्हणाले आणि स्वतः उठून वडिलांना बासुंदी वाढली. ती गोष्ट सांगून चोपदारांच्या घरात पोट धरून हसत असत.

वडील गेले ते जयवंतचा हात धरून, “दसरा चुकवू नकोस,” एवढंच सांगून. त्यानं सहा वर्षं चुकवला नाही.

३

सातव्या वर्षीही त्यानं चुकवला नाही, हेच तर त्याचं दुखणं होतं. तो गेला होता.

त्या दसऱ्याला घाटकोपरला एका बिल्डरच्या हॉलचं उद्घाटन होतं. हल्ली अशा प्रसंगांना ललकारी लागते. नवरदेवाला लागते, नगरसेवकाला लागते, बारशाच्या बाळालाही लागते. जयवंतला त्यासाठी लांबलांबून बोलावणी येत. कार्यक्रम साडेपाचला होता. मुलुंडचं काम पंधरा मिनिटांत उरकून तिथून घाटकोपर गाठायचं, असा त्याचा हिशेब होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. कामवाल्या जानकीबाई सणाची दोन दिवस रजा घेऊन गेल्या होत्या. हिरवा पडदा सरळ लोंबत होता. जयवंतनं चपला काढल्या आणि सुरुवात केली. सात खाड्या झाल्या, बेचाळीस गावं झाली, ‘श्रीमंत रघुनाथराजे’ झालं. त्यानं श्वास घेतला. पडद्यामागे कर्र झालं.

आणि खिशातला फोन वाजला.

कार्यक्रमवाला हर्षद. जयवंत दबक्या पावलांनी बाहेर जिन्यात आला. “कुठे आहेस तू? साहेब आत्ताच येऊन बसलेत! वाट लागेल माझी, नीघ लगेच!” हर्षद ओरडत होता. जयवंत बोलत बोलत एक जिना उतरला, मग दुसरा. खाली रिक्षा उभी होती. एक शब्द राहिलाय, रात्री फोन करून माफी मागू, त्यांना समजेल, असं त्यानं रिक्षात बसता बसता स्वतःला सांगितलं.

घाटकोपरला दिवे होते, तुताऱ्या होत्या. घाई इतकी की नवी ललकारी जुळवायला वेळच नव्हता. त्यानं तोंडात होती तीच लावली, राजांच्या जागी बिल्डरचं नाव घातलं आणि शेवटी, मुलुंडला घेतलेल्या त्या श्वासावर जणू, खणखणीत पुकारलं, “दर्याबहाद्दर!” टाळ्या पडल्या. बिल्डरनं उजवं पाऊल आत टाकलं.

रात्री फोन करायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशीही राहून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी जानकीबाईंचा फोन आला, राजेसाहेब गेले.

“अरे देवा,” जयवंत म्हणाला. “आणि मला नेमकं यंदाच यायला जमलं नाही हो.” शब्द तोंडातून गेले आणि मग परत घेता आले नाहीत. शुभालाही त्यानं तेच सांगितलं. नाशिकहून आलेल्या राजांच्या भाच्याला तेच. भाच्यानं शोकसभेत दहा माणसांसमोर चोपदार घराण्याच्या निष्ठेचं कौतुक केलं आणि जयवंत हात जोडून खाली बघत राहिला. लोकांना वाटलं, त्याला भरून आलंय.

४

आधी आवाज फक्त गोरेगावातल्या ध्वनिमुद्रणात येई. फेब्रुवारीत तो घरात आला. जयवंत स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून म्हणाला, “आज जरा लवकर...” आणि पुढचं विसरला. झोपायच्या खोलीच्या पडद्यामागे कर्र झालं.

त्यानं जाऊन पाहिलं. पलंग, कपाट, इस्त्रीचे कपडे. त्यानं कपाटाचं दार उघडून मिटून पाहिलं, ते वाजत नव्हतं. वरच्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं, तेच असणार, असं त्यानं ठरवलं. वर जाऊन विचारलं तर काम आठवड्यापूर्वीच संपलेलं. मग त्यानं ठरवलं की आपल्या कानालाच काहीतरी झालंय. कानाच्या डॉक्टरनं कान उत्तम असल्याचं सांगितलं. त्याला इतका राग आला की त्यानं डॉक्टरचे आभारही मानले नाहीत.

तेव्हापासून तो वाक्य पूर्ण करू लागला. पूर्ण वाक्याला आवाज येत नसे. पण माणूस दिवसाला किती वाक्यं अर्धी टाकतो हे मोजू लागलं की कळतं. फोनवर कुणी मध्येच तोडलं, की कर्र. उचकी लागली, की कर्र. त्यात रागाची खूण नव्हती, धमकी नव्हती. एक म्हातारा माणूस आज्ञाधारकपणे पाऊल उचलायला तयार होई आणि पुन्हा थांबे, इतकंच. त्यापेक्षा कुणी येऊन गळा धरला असता तर बरं, असं जयवंतला वाटे. चढाव तर भाच्यानं आठवण म्हणून नाशिकला नेले होते. खोक्यात भरताना जयवंतनंच सुतळी बांधली होती.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी त्याची मुलगी गंधाली जेवणाच्या टेबलाशी बसून पाठांतर करत होती. चौदा वर्षांची पोर, आवाज थेट आजोबांचा. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी चालू होती.

“आणि म्हणून, मित्रहो, आज आपण...” ती अडखळली.

आत कर्र झालं.

गंधालीनं मान वर केली.  जयवंत बोलत नव्हता. त्यानं सकाळपासून एकही वाक्य अर्धं टाकलं नव्हतं.

“बाबा, आत कोण आहे?”

“कुणीही नाही. वाऱ्यानं पडदा हलला,” तो म्हणाला.

“पडद्याचा नाही रे. चपलेचा आवाज आहे. परवापण आला होता, मी निबंध वाचताना.” ती हसली, पण तिनं पाय खुर्चीवर घेतले. “मी थांबले ना, की येतो.”

शुभा आतून ओरडली, “अरे, कसला आवाज? मला तर काहीच ऐकू नाही आलं!” तिला येणार नव्हता. ध्वनिमुद्रणात उमटलेला आवाज सिद्धेशलाही आला होता, पण असा उघडा आवाज चोपदारांच्या घरात जन्मलेल्यालाच येई.

 राजांचं घराणं रघुनाथराजांबरोबर संपलं. चोपदारांचं संपलं नव्हतं. राहिलेला शब्द त्यानं नाही पुकारला, तर पडद्यामागचं माणूस काही रागावणार नव्हतं. ते नुसतं पुढच्या चोपदाराची वाट बघणार होतं. त्या संध्याकाळी गंधालीला वहीत मान घालून हळू आवाजात, प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत नेत बोलताना त्यानं ऐकलं आणि मग त्याला घरात बसवेना.

५

मुलुंडची इमारत पाडून नवी बांधायची होती. महिनाअखेर सगळ्यांनी जागा सोडायची होती. किल्ली जानकीबाईंकडे होती. मंगळवारी दुपारी तीनला त्या खाली फाटकाशी उभ्या होत्या. साठीच्या, मालवणकडच्या, बारीक अंगाच्या. गंधालीची स्पर्धा त्याच दिवशी पाचला होती आणि जयवंतनं पहिल्या रांगेत बसायचं कबूल केलं होतं.

“खुर्ची न्यायची आहे का बघतो,” तो जिना चढताना म्हणाला.

 जानकीबाईंनी दार उघडलं. खोली रिकामी झाली होती. भिंतीवर तसबिरींचे चौकोन उरले होते. लाल खुर्ची टेम्पोत मावली नाही म्हणून तशीच होती. आणि हिरवा पडदा होता.

“भाऊ, एक सांगतंय,” जानकीबाई म्हणाल्या. “तुमी दसऱ्याक इल्लात. माका ठावक आसा.”

जयवंतला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पाच महिने म्हणतच होता. “आलो होतो,” तो म्हणाला.

“मी तिसऱ्या दिवशी सकाळी इलंय, तर ते हय उभे.” त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “चौकटीक धरून. अंगरखो, पागोटा, सगळा तसाच. रात्री उंबऱ्यार बसले असतीत, देव जाणे. पाय असे सुजलेले. मी म्हटलंय, सरकार, भायर येवा, खुर्चेर बसा. तर म्हणतत, पदवी अजून पुकारूक नाय. पाणी दिलंय, घेवक नाय. म्हटलंय, खय आसा तो पदवी म्हणणारो?”

त्या थांबल्या. आतून काही वाजलं नाही. त्या चोपदार नव्हत्या.

“तर म्हणाले, ‘जयवंत जिन्यात आहे. त्याला फोन आलाय. होईल त्याचं इतक्यात.’”

जयवंत भिंतीला टेकला. त्याला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर थोडं हलकं वाटलं असतं, आणि तेवढाही हक्क आपल्याला उरलेला नाही असं त्याला वाटलं.

“मी शेजाऱ्यांक बोलवूक गेलंय. परत येयसर कोसळले. आतल्याच अंगाक.” जानकीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “मी म्हणून बघितलंय, भाऊ. तो शब्द. ते म्हणाले, तू नको बाई, तुझा हक्क नाय. मी कोणाक सांगूक नाय. तुमचा तुमी बघा.”

६

तुटलेली ललकारी पुन्हा पहिल्यापासून म्हणायची नसते, हे वडिलांनी शिकवलं होतं. राजे उभे राहिलेले असतात. जिथे तुटली तिथूनच उचलायची. म्हणजे उरला होता एक शब्द.

जयवंतनं चपला बाहेर काढल्या. दाराशी, नेहमीच्या फरशीवर उभा राहिला. जानकीबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली. त्यानं श्वास घेतला आणि पडद्यामागे, अगदी वेळेवर, कर्र झालं.

घाटकोपरला जो शब्द त्यानं सहज उधळला होता तो आता बाहेर येईना. या गळ्यानं त्यानं शेकडो राजे उभे केले होते. पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग त्यानं डोळे मिटले आणि त्याला स्वतःलाही न ओळखू येणाऱ्या, चिरक्या, म्हाताऱ्या आवाजात तो म्हणाला:

“दर्याबहाद्दर.”

पडदा हलला नाही. पण त्याच्या खालच्या काठाशी, फरशीवर, जरीचं एक टोक होतं. डाव्या चढावाची जर उसवलेली होती, ती दरवर्षी उसवलेलीच असे. ‘नजर खाली’ हे त्याचे स्वतःचेच शब्द. जयवंतची मान आपोआप खाली गेली.

उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत चार पावलं. त्यानं चार ऐकली. त्यांच्यात एक पाय ओढल्यासारखा येत होता, सुजलेला पाय पडावा तसा. मग खुर्चीचं लाकूड दबल्याचा आवाज झाला, आणि मग काही नाही.

“झाला?” जानकीबाईंनी हळूच विचारलं. त्यांना रिकामी खुर्ची दिसत असावी. “चला तर मग, भाऊ.”

जयवंत हलला नाही. नजरेच्या कडेला, खुर्चीच्या पायांशी, दोन जरीची टोकं होती. ती त्याच्याकडे वळलेली होती.

 जानकीबाईंनी किल्ली खिडकीत ठेवली, “मी खाली आसंय,” म्हणाल्या आणि दार नुसतं लोटून गेल्या.

विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम. जयवंतनं तो आयुष्यात पहिल्यांदा मोडला. “सरकार,” तो फरशीला म्हणाला, “मी जिन्यात नव्हतो. मी निघून गेलो होतो. आपली पदवी मी दुसऱ्याला देऊन आलो. आणि सगळ्यांना सांगितलं की मी आलोच नव्हतो.” त्यानं प्रत्येक वाक्य पूर्ण केलं. कर्र झालं नाही.

आता फक्त ‘असो’ यायचं होतं.

खिडकीतलं ऊन फरशीवरून खुर्चीच्या दिशेनं सरकत गेलं. त्याच्या पोटऱ्या भरून आल्या. त्याला वडिलांचे अडीच तास आठवले, त्यावर आपण किती हसलो तेही आठवलं. पडद्यामागचे दोन दिवस किती तासांचे होतात ते त्यानं मनात मोजायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं.

खिशात फोन थरथरला. पाच वाजत आले असणार. शुभा असेल, नाहीतर स्टेजच्या बाजूला उभी राहून पहिल्या रांगेत त्याला शोधणारी गंधाली. वाजून वाजून तो बंद झाला. मग पुन्हा वाजला.

चढाव जागचे हलले नाहीत. जयवंतनं खिशात हात घातला नाही. तो तसाच उभा राहिला.